इदालिनाची खोटी हाक

१

इदालिना कड्यावरच्या खोलीकडे निघाली की आधी वाटेला शिव्या घालायची. वाट उभी, काळ्या दगडांची, आणि कुणा मेल्याने ती तिच्या गुडघ्यांना विचारून बांधली नव्हती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत मक्याची भाकरी, पाण्याची बाटली, लोकर नि सुया. मधे अंजिराच्या झाडाखाली टेकायचं, वर पिकू डोंगराकडे बघायचं, "काय रे, आज ढगाची टोपी घातलीस का बोडकाच बसलायस?" म्हणून विचारायचं, आणि पुन्हा चढायला लागायचं.

खोली कसली, खोकंच ते. चुन्याने धुतलेलं, एका माणसाला ऐसपैस आणि दोघांचं भांडण होईल एवढं. समुद्राच्या बाजूला भिंतीत लांबडी आडवी फट, आणि फटीसमोर लोखंडी खांबावर पिळून बसवलेली थोरली दुर्बीण. इतकी वर्षं डोळे लावून लावून इदालिनाच्या भुवयांवर दोन वाट्यांचे वळ उठले होते. चर्चमधे कुणी त्यावरून हसलं की म्हणायची, "तुझ्या नवऱ्याने दिलेत."

तिचा बाप इथेच बसायचा. तेव्हा देवमासे मारायचे दिवस होते. मासा दिसला की बाप बाण उडवायचा, आकाशात फट् झालं की खाली द्राक्षाच्या मळ्यातली माणसं हातातलं टाकून होड्यांकडे पळायची. आता कुणी मारत नाही. आता लांबलांबचे लोक नुसतं बघायला येतात आणि बघून रडतात. इदालिना म्हणायची, "बाबा मारायचे तेव्हा मासे रडायचे. आता मासे मजेत आहेत नि हे रडतायत. रडणं काही बेटावरून गेलं नाही बाई, फक्त घर बदललं त्याने."

लोकांना घेऊन बोट न्यायची तिची पोरगी नातेर्सिया. चाळिशीची बाई, आवाज तांडेलाचा, राग बापाचा. आई वरून बघून सांगणार मासा कुठे आहे, पोरगी खालून बोट नेणार. मधे वायरलेस. आणि त्या वायरलेसवर इदालिना जे काही करायची ना, ते देवाने माफ केलं असेल तर तिच्या वयाकडे बघून.

त्या दिवशी सकाळी तिने कळवलं, "तुझ्या पाहुण्यांना सांग, देवमाशाला टोपी चालत नाही. टोपी काढून मान लववली तरच वर येतो."

खाली बोटीवर बेल्शियोर होता, पाहुण्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा गडी. भोळा. त्याने सांगितलं आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या. इदालिनाला दुर्बिणीतून टकलांची रांग चमकताना दिसली. ती एवढी हसली की सुई टोचली.

"आई," नातेर्सिया वायरलेसवर दातओठ खात म्हणाली, "त्यातल्या एकाचं टाळकं भाजलं तर तू मलम लावायला येणार आहेस का?"

"देखणा आहे का?"

"आई!"

पण एका गोष्टीत इदालिना थट्टा करत नव्हती. बापाने बजावलं होतं: पाद्र्याची कर, माझी कर, मेलेल्याची कर. पण मासा नसताना 'बालेया' म्हणून ओरडू नकोस. मासा दिसला की द्यायची हाक ती, बालेया, बालेया. ती तोंडातून निघाली की खालची माणसं जीव घेऊन धावतात. ती हाक इदालिनाने जन्मात कधी खोटी दिली नव्हती.

२

उन्हं वर आली तसा फिर्मिनो आला. म्हातारा पूर्वीचा भालेवाला, होडीच्या नाळेवर उभा राहून माशावर भाला टाकणारा. नातेर्सियाचा धर्मबाप तो, म्हणून हे दोघं एकमेकांना कोम्पाद्रे नि कोमाद्रे म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू एवढे पिकलेले की त्याला समुद्र म्हणजे खाली निळं नि वर पांढरं एवढाच दिसायचा. कान मात्र मांजराचे.

"कोमाद्रे, चीज आणलंय. आणि अंजिराची दारू. थोडीच."

"तुझी थोडी म्हणजे कुणाची आंघोळ."

त्याने चीज कापलं, तिने भाकरी मोडली. मऊ, ओलसर चीज ते, बोटांना चिकटणारं. दोघं खात बसले. फिर्मिनोने विचारलं, "काय म्हणतोय समुद्र?"

"झोपलाय. तुझ्यासारखा, तोंड उघडं टाकून."

आणि तेव्हाच तिला दिसलं. नैऋत्येला, खूप लांब, पाण्यातून उडालेला फवारा. सरळ नव्हे, पुढे डावीकडे कललेला. असा कलता फवारा एकाच जातीच्या माशाचा असतो, ज्याचं डोकं म्हणजे अर्धं शरीर. तिने वायरलेस ओढला. "बालेया, बालेया! नैऋत्येला धर पोरी. चर्चच्या मनोऱ्याकडे पाठ कर नि सरळ जा."

"दिसला?"

"दिसल्याशिवाय ओरडते का मी?"

खाली बोटीने पांढरी शेपूट काढली. इदालिना पुन्हा दुर्बिणीला लागली, फवारा थांबला की मोजायला सुरुवात करायची म्हणून. मासा वर येऊन श्वास टाकतो, मग थांबतो, मग पुन्हा टाकतो. देवाघरचा भाता.

हा थांबेना.

डावीकडे कललेला पांढरा झोत निघाला तो निघतच होता. आधी तिला वाटलं एकाच्या आड दुसरा असेल, कळप असेल. एकाचा संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा. असं होतं कधीकधी. तिने काचा पदराने पुसल्या. डोळे चोळले. दारूच्या बाटलीकडे संशयाने बघितलं, पण अजून बूचही निघालं नव्हतं.

"काय गं?" फिर्मिनो म्हणाला. "गप्प झालीस. तू गप्प झालीस की मला भीती वाटते."

"खूप मासे आहेत," ती म्हणाली. "खूपच असणार."

३

बोट तिथे पोचली तेव्हा नातेर्सियाचा आवाज एकदम खाली आला, देवळात गेल्यावर येतो तसा.

"आई... आई, उभे आहेत गं."

"कोण?"

"मासे. झोपलेत. उभ्याने."

इदालिनाने ऐकलं होतं ते. हे मासे झोपतात तेव्हा पाण्यात उभे राहतात, डोकं वर, शेपूट खाली, न हलता. तिच्या बापाने एकदा पाहिले होते. त्या दिवशी त्याने बाण उडवलाच नाही, संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाला, आज काही दिसलं नाही. आणि मग बराच वेळ चुलीकडे बघत बसला.

"इंजिन बंद केलंय," नातेर्सिया हळूच सांगत होती. "पाणी काचेसारखं आहे. खाली बघितलं की... आई, खांब रोवल्यासारखे आहेत गं. जिथवर नजर जाते तिथवर. कुणी बोलत नाहीये. बेल्शियोरपण बोलत नाहीये."

"बेल्शियोर गप्प? मग खरंच चमत्कार आहे," इदालिना म्हणाली. तिने दुर्बीण बोटीवर आणली.

बोट तांदळाच्या दाण्याएवढी. दुर्बिणीतून करंगळीएवढी. त्यात टेकून वाकलेली माणसं, आणि मागे सुकाणूपाशी नारिंगी ठिपका, तो नातेर्सियाचा अंगरखा. बोटीखाली मात्र सावली पडली होती. ऊन डोक्यावर, आकाशात ढग नाही आणि बोटीखाली गावाएवढी सावली. माशांच्या पाठी असतील, इदालिना मनाशी म्हणाली. एवढे मासे, काळे दिसणारच.

ती सावली वर येत होती.

पाणी फुटलं नाही, लाट उठली नाही. काळं आणखी काळं झालं, मग त्याला कड आली, मग कडेला फेसाची पांढरी दोरी. आणि त्या काळ्याच्या मधोमध तो झोत, कललेला, न थांबणारा. माशाचा नव्हताच तो. धूर होता, वाफ होती. खालून कुणीतरी श्वास सोडत होतं आणि घेत नव्हतं.

"कोम्पाद्रे," ती म्हणाली, "तिथे जमीन आहे."

"कुठे?"

"नातेर्सियाच्या खाली."

फिर्मिनोने मान तिरकी केली. "कोमाद्रे, सकाळपासून माझ्याशीच थट्टा करायची राहिली होती का?"

तिने उघड्या डोळ्यांनी फटीतून बघितलं. लांबवर नुसती चकाकी. दुर्बिणीला डोळे लावले, काळा डोंगर. ओला, चमकणारा, कुणीही अजून पाय न ठेवलेला. उन्हात समुद्र असले खेळ करतो, हे तिला काय कुणी सांगायला पाहिजे? एकदा शेजारचं बेट उलटं टांगलेलं तिने पाहिलं होतं, चर्चसकट. पण ते थरथरत होतं, पाण्यातल्या पैशासारखं. हे थरथरत नव्हतं. ह्याच्या उतरणीवर वाळू होती, वाळूत ओहळ होते आणि ओहळांतून पाणी खाली पळत होतं. त्या उतरणीवर नातेर्सियाची बोट पोट टेकून तिरकी बसली होती.

आणि खरं सांगायचं तर इदालिनाला आधी भीती वाटलीच नाही. ते एवढं सुंदर होतं. सृष्टी झाली त्या दिवशी कुणी खिडकीत बसलं असतं तर त्याला जे दिसलं असतं ते. तिचे हात आपोआप जोडले गेले. मग पोरीची आठवण झाली आणि हात सुटले.

४

"नातेर्सिया, बोट कुठे आहे तुझी?"

"तू पाठवलंस तिथे."

"बोट कशावर आहे?"

"पाण्यावर आई. बोटी पाण्यावर असतात." मागे कुणीतरी हसलं. "खोली मोजायच्या यंत्राला तळ लागत नाहीये. हलकी डोलतेय. एवढं शांत पाणी मी कधी बघितलं नव्हतं."

दुर्बिणीत माणसं बोटीतून उतरत होती. एकेक करून, कडेवरून पाय टाकून काळ्या वाळूवर. कुणी कुणाला हात देत होतं. उतरलेली माणसं चार पावलं पुढे जाऊन उभी राहत होती, हात शरीराला लावून, ताठ. खाली मासे उभे होते ना, तशी.

"पाहुणे काय करतायत?"

"बसलेत. बघतायत. एक बाई रडतेय. आई, काय चौकशी लावलीयस?"

फिर्मिनो हातातला चीजचा तुकडा तसाच धरून ऐकत होता. आता त्याने तो खाली ठेवला.

"कोमाद्रे. तिला बोलतं ठेव."

"का?"

"तिच्या मागे कागार्रू ओरडतायत."

इदालिनाने कान दिला. खरंच. नातेर्सियाच्या आवाजामागे बारीक, नाकातली, लहान मुलाने चिडवल्यासारखी ओरड. वा-वा-वेआ. एक नाही, शेकड्यांनी. बेटावरच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे की कागार्रू दिवसभर समुद्रावर असतो आणि समुद्रावर मुका असतो. ओरडतो तो अंधार पडल्यावर, आपल्या बिळाशी आला की. जमिनीवर.

"पोरी, पक्षी आहेत का तिथे?"

"एकसुद्धा नाही. इतकं शांत आहे की आपलाच श्वास ऐकू येतो." मग नातेर्सिया थोडी हसली. "आई, हनुवटीला चीज लागलंय. पूस."

इदालिनाचा हात हनुवटीकडे गेला. बोटाला मऊ लागलं.

एवढ्या लांबून खोली म्हणजे कड्यावरचा चुन्याचा ठिपका. खोलीतली फट दिसणार नाही. फटीतली म्हातारी तर देवालाही चष्मा लावून शोधावी लागेल.

"तुला कसं कळलं गं?" तिने विचारलं, अगदी गोड आवाजात.

"कसं म्हणजे? समोर तर आहेस." आणि मग तिलाच काहीतरी खटकल्यासारखं, "नाही का?"

दुर्बिणीत नारिंगी ठिपक्याने सुकाणू सोडलं आणि बोटीच्या कडेवर एक पाय ठेवला.

५

"नातेर्सिया, ऐक! इंजिन लाव नि नीघ तिथून. आत्ता. तुझ्याखाली जमीन वर आलीय. माणसं उतरतायत खाली, तू पण उतरतेयस."

 मग नातेर्सिया जी हसली ती पोट धरून.

"टोप्या काढल्या, आता जमीन! आई, उद्या काय, मासा मिशा काढून येणार का? मी सुकाणूला टेकून उभी आहे. सगळे जागेवर आहेत. बेल्शियोर, सांग तिला."

"इदालिना मावशी," बेल्शियोर म्हणाला, "मी बसलोय. खरंच."

"तुझ्या बापाची शप्पथ पोरी!"

"ही शप्पथ तू गेल्या आठवड्यात भोपळ्यावरून घेतली होतीस."

ते खरं होतं. इदालिनाने डोकं धरलं. जन्मभर जे पेरलं ते एवढं चांगलं उगवेल असं तिला वाटलं नव्हतं. फिर्मिनो मायक्रोफोनवर ओरडला, "धर्मबाप बोलतोय! परत ये!" तर नातेर्सिया म्हणाली, "बाटली उघडली वाटतं."

दुर्बिणीत नारिंगीचा दुसरा पाय कडेवर आला.

मग इदालिनाने ते केलं. तिने दुर्बीण वळवली, बंदराच्या अलीकडच्या रिकाम्या, निळ्या, निष्पाप पाण्याकडे बघितलं आणि ओरडली.

"बालेया, बालेया! निळा! निळा देवमासा, पिलू घेऊन, बंदराच्या तोंडाशी! अगं, शेजाऱ्यांची बोट निघालीसुद्धा, तुझ्याआधी पोचतील मेले!"

तिकडे इंजिन धडधडलं. सत्य सांगितलं तर हसली आणि खोटं सांगितलं तर वाऱ्यासारखी निघाली. फिर्मिनोने छातीवर क्रूस काढला. त्याला मोतीबिंदूतूनही तिचं तोंड दिसलं असावं.

"होता का गं मासा?"

"नव्हता."



तिने दुर्बीण मागे फिरवली. बोट उतरणीवरून सुटली होती, फेस उडवत येत होती. बोटीत माणसं होती. बाकांवर, दाटीवाटीने, टोप्या सावरत. सुकाणूपाशी नारिंगी अंगरखा, केस उडतायत.

आणि मागे, काळ्या वाळूवर, तीही माणसं तशीच उभी होती. कुणी हलत नव्हतं. सगळ्यांच्या पुढे एक नारिंगी ठिपका, तोंड कड्याकडे करून.

६

"आई," नातेर्सिया म्हणाली. मागे इंजिनाची धडधड. "आले मी. कुठाय निळा? इथे काही नाहीये. शेजारीपण नाहीत. फसवलंस ना? मासा नसताना हाक दिलीस? तू?"

इदालिनाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याच वायरलेसवर, त्याच आवाजात, पण इंजिन नाही, नुसती कागार्रूंची ओरड मागे:

"आहे की आई. निळा. केवढा गं! तू म्हणालीस म्हणून आहे."

फिर्मिनोची बोटं तिच्या मनगटावर बसली.

"अजून जवळ बोलाव," तो आवाज म्हणाला. लाडात. नातेर्सिया लहानपणी पाठीवर घे म्हणायची तसा.

इदालिनाने दुर्बीण खाली, जवळच्या पाण्यावर आणली. जिथे तिने खोटी हाक दिली होती तिथे. नातेर्सियाची बोट तिथे गोल फिरत होती आणि बोटीखालचं निळं पाणी काळं होत चाललं होतं. कड यायला लागली होती. आणि त्या काळ्याच्या आत, खोल, गावाहून मोठं असं काहीतरी उलटलं, सावकाश, झोपेत कूस बदलावी तसं. तिला त्याची एक बाजू दिसली, तीही पुरती नाही. ओलं, अमाप आणि कुणालाही न घाबरणारं. तिचे गुडघे आपोआप वाकले. देवासमोर वाकतात ना तसे, भीतीने नव्हे, त्याच्यापुढे ताठ उभं राहणं बरं दिसेना म्हणून.

मग तिला कळलं. ती जिथे हाक देईल तिथे ते येईल. पोरीला बंदरात बोलावलं तर बंदरात येईल. घरी बोलावलं तर घरी.

तिने मायक्रोफोन खाली ठेवला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"आई?" इंजिनवाली नातेर्सिया. "रागावले म्हणून बोलत नाहीस का? बरं, नाही रागावत. बोल."

"आई," पक्ष्यांवाली. "एकदाच. कुठे यायचं ते सांग."

खोलीतून उत्तर आलं नाही तर तांडेलाने बोट परत फिरवायची, हा नियम जुना होता. वर डोळा नाही तर खाली कुणी हिंडायचं नाही. पण नातेर्सियाच्या जन्मात खोली कधी गप्प बसली नव्हती. इदालिना आजारी असताना, नवरा गेला त्या आठवड्यात, कधीच नाही. ही बाई गप्प बसत नाही म्हणून तर गाव त्रासलं होतं.

"आई, थट्टा पुरे हं. उत्तर दे."

फिर्मिनोच्या गालावरून पाणी ओघळत होतं. इदालिना पदर चावत होती. आयुष्यात एवढी लांब थट्टा तिने कुणाची केली नव्हती.

"आई. आई, बरं वाटत नाहीये का? फिर्मिनो आहे ना तिथे? फिर्मिनो! आई!" आवाज फुटला. बारा वर्षांच्या पोरीसारखा. "आई गं, पडलीस का? मी येतेय. हलू नकोस. बेल्शियोर, धर, घट्ट धरा सगळे!"

इंजिन किंचाळलं. बोट बंदराकडे वळली. काळ्याची कड तिच्या मागे काही अंतर आली आणि मग, कुणी बोलावलंच नाही तर कसं जायचं अशा संकोचाने, थांबली.

"सांग ना," पक्ष्यांवाला आवाज अजून म्हणत होता. फिर्मिनोने वायरलेसची तार भिंतीतून उपटली.

७

मग दोघं बसून राहिले.  चीजवर माश्या बसल्या. फटीकडे इदालिनाने पाठ केली होती. खालच्या वाटेवर दगड निसटल्याचा आवाज आला, मग पावलांचा, धावणाऱ्या. मग दारावर थाप.

"आई!"

इदालिना उठली. फिर्मिनोने तिचा पदर धरला.

"थांब. ऐकू दे मला. हिच्या मागे पक्षी आहेत का ते ऐकू दे."

"आई, दार उघड!"

म्हाताऱ्याने डोळे मिटले, मान तिरकी केली. बाहेर वारा होता, वाऱ्यात गवत होतं आणि लांब कुठेतरी काहीतरी होतं. ते गाईच्या घंटा असतील, कुणाचं मूल असेल. तो ऐकतच राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"ऐकत बस तू," इदालिना म्हणाली. "आई आहे मी. पोरीला काय कान लावून घरात घेतात?"

तिने कडी काढली.

नातेर्सिया दारात उभी होती, घामाने निथळत, गुडघा फुटलेला, तोंड रडून लाल. डिझेलचा वास सगळ्या खोलीत भरला. तिने आईला उभं बघितलं, धडधाकट, हनुवटीला चीज. आधी मिठी मारली, मग दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं.

"मेलीस असं वाटलं मला! जिवंत आहेस नि बोलत नाहीस? सगळ्या पाहुण्यांना अर्ध्यात आणलं मी! ती बाई धक्क्यावर ओकतेय! काय झालं होतं तुला? फिर्मिनो, काय झालं होतं हिला?"

"जीभ चावली," फिर्मिनो म्हणाला. त्याने डोळे उघडले आणि ओठ पुसले. "हीच आहे ती, कोमाद्रे. बाहेरची ती घंटाच होती."

"कोण हीच?" नातेर्सियाने दोघांकडे बघितलं. "वेडे झालात दोघं. आणि ते निळ्या माशाचं काय? आई, तू खोटी हाक दिलीस. तू."

"दिली."

"का?"

इदालिनाने पोरीच्या गालावरचा केस कानामागे सारला. गाल गरम होता, खारट होता, माणसाचा होता. तिला सांगायचं होतं बरंच, पण सांगायचं तर कुठून, आणि सांगितलेलं खरं वाटेल असं तिच्या तोंडात आता उरलं होतं काय? थट्टाही सुचेना. तिचं तिलाच नवल वाटलं.

"बघू दे तरी," नातेर्सिया म्हणाली आणि दुर्बिणीकडे वळली. "ते उभे मासे अजून आहेत का बघते. आई, मी असं काही जन्मात बघितलं नव्हतं. उद्याच्या लोकांना तिथेच नेऊ. तू फक्त हाक दे."

ती वाकायच्या आत इदालिनाने हात पुढे केला आणि दुर्बिणीच्या दोन्ही वाट्या तळहाताने झाकल्या.

"आज नको."

"का? काय आहे तिथे?"

इदालिना उत्तर शोधत होती, तेव्हा तिच्या तळहाताला लागलं. आतून. काचेच्या पलीकडून. ऊबदार, ओलसर फुंकर, सावकाश आलेली. मग थांबली. इदालिना वाट बघत राहिली, जन्मभर दोन फवाऱ्यांमधे बघत आली तशी. आणि मग दुसरी आली.

तिने दुसरा हातही वर ठेवला.